शब्बाथचा दिवा: डोळे का झाकतात आणि तेल कुठलं घालतात?

नमस्कार मंडळी! ज्यू घरातली शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे शब्बाथची (शनिवार रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) सुरुवात, तुम्ही रील्सवर बघितली असेल, बाई दोन मेणबत्त्या लावते, ज्योतीवरून हात तीनदा स्वतःकडे ओढते आणि मग चक्क डोळे झाकून प्रार्थना म्हणते. आता डोळे का झाकायचे? तर गंमत अशी की एरवी आधी आशीर्वचन म्हणायचं आणि मग काम करायचं, पण इथे आशीर्वचन म्हटलं की शब्बाथ लागला, आणि शब्बाथ लागला की विस्तव पेटवायचा नाही. मग काय, आधी दिवा लावून घ्यायचा, डोळे झाकायचे, म्हणायचं ते म्हणायचं आणि डोळे उघडून उजेड जणू आत्ताच बघायचा. मला तर हा तोडगा जाम आवडतो.

मेणबत्त्या तशा अलीकडच्या, मूळ मामला तेलाचा. इसवी सन 200 च्या आसपास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यू नियमांच्या जुन्या ग्रंथात, कुठलं तेल, कुठली वात चालेल यावर आख्खा अध्याय आहे, कारण दिवा फडफडला की माणूस सवयीने वात सारायला जाणार आणि तिथेच नियम मोडणार. त्यात रब्बी (ज्यू धर्मपंडित) तारफोन म्हणाले, फक्त ऑलिव्हचं तेल. यावर तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या नंतरच्या चर्चांच्या ग्रंथात, उलट सवाल येतो की बाबिलोनवाल्यांकडे तिळाचंच तेल आहे, अलेक्झांड्रियात मुळ्याचंच, त्यांनी काय अंधारात बसायचं? शेवटी तारफोन यांचं काही चाललं नाही.

आणि आपल्या अलिबाग, पेण, रेवदंड्याकडचे बेने इस्राएल लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, काचेच्या ग्लासात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात असा दिवा लावायचे. धंदाही तेलाचाच बरं का, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं.

हां, वेळ मात्र पाळायची, साधारण सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी, जेरुसलेममध्ये तर 40. लेट झाला आणि सूर्य बुडाला, तर मग दिवा लावायचाच नाही, आणि आता घरोघरी लाइटला टायमर असतो ती गोष्ट वेगळी.