बत्तीस जीबीचा फोन आणि 'मेमरी फुल'

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय नोकिया. २००७ साली जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनपैकी जवळपास निम्मे नोकियाचे होते. आणि सप्टेंबर २०१३ मध्ये याच कंपनीने मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं. मधे फक्त सहा वर्षं. असं का झालं विचारलं की लोक आयफोन आणि अँड्रॉइड ही दोन नावं घेतात आणि विषय मिटवतात. पण शेजारी नवं दुकान उघडलं म्हणून जुनं दुकान आपोआप बसत नाही. माझ्या मते नोकिया बुडाली ती मुख्यतः मेमरीच्या काटकसरीपायी. मेमरीची काटकसर, एवढं ध्यानात ठेवा.

हीच काटकसर आधी फळली होती, बरं का. नोकिया अकराशे आठवतो ना? २००३ साली आलेला, टॉर्चवाला. काळापांढरा पडदा, धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड आणि ८५० एमएएचची बीएल-५सी बॅटरी. निफाड-दिंडोरीकडे रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला निघालेल्या माणसाला आणखी काय हवं होतं? जगभरात हा फोन २५ कोटींच्या वर खपला. जाता जाता सांगतो, ती बीएल-५सी अजून ड्रॉवरमध्ये पडली असेल तर काढा, सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने गरकन फिरवा. चांगली बॅटरी घासत थांबते. भिंगरीसारखी फिरली तर पोटातून फुगली आहे असं समजा. ती चार्जिंगला लावू नका, ई-कचऱ्यात द्या. मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता यायची, ही सोय कंपन्यांनी आपल्याकडून काढून घेतली आणि आपण चकार शब्द काढला नाही, हे मला अजून पटलेलं नाही. असो.

नोकियाच्या स्मार्टफोनमध्ये फोन चालवणारी सिंबियन नावाची प्रणाली होती. तिचं मूळ सायन या ब्रिटिश कंपनीच्या खिशातल्या छोट्या संगणकांत. मेमरी महाग आणि बॅटरी लहान, हे गृहीत धरूनच ती बांधलेली. त्यामुळे ती थोडक्यात भागवायची आणि नोकियाला स्वस्तातले सुटे भाग वापरता यायचे. पण याच कारणाने तिच्यासाठी अ‍ॅप लिहिणं म्हणजे डोकेदुखी. प्रत्येक तुकडा कुठे ठेवला आणि कधी मोकळा केला, याचा हिशोब प्रोग्रामरनेच ठेवायचा.

आता एन-९७ ची गोष्ट. ही सांगायला मला फार आवडते, कारण नोकियाचं सगळं दुखणं या एका फोनमध्ये सापडतं.

डिसेंबर २००८, बार्सिलोना. नोकियाने एन-९७ दाखवला. पडदा सरकवला की तो तिरका उभा राहतो आणि खालून पूर्ण कीबोर्ड बाहेर येतो. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, कार्ल झाइसचं भिंग. आणि आत ३२ जीबीची साठवण! त्या काळी लोक एक-दोन जीबीचं कार्ड जपून वापरत होते. जून २००९ मध्ये फोन बाजारात आला आणि सुरुवातीला चांगला खपला.

मग तक्रारी सुरू झाल्या. फोनवर पाटी यायची: मेमरी फुल. ३२ जीबीचा फोन, त्यात दहा गाणी, आणि मेमरी फुल!

झालं होतं असं. सिंबियनमध्ये संगणकासारखे ड्राइव्ह असायचे. ३२ जीबीचा मोठा ड्राइव्ह म्हणजे ई. पण फोनचा स्वतःचा संसार सी ड्राइव्हवर, आणि त्या सीमध्ये नव्या कोऱ्या फोनलाही शंभर एमबीपेक्षा कमी जागा मोकळी. पुन्हा सांगतो: ई वर ३२ जीबी, सी वर शंभर एमबीसुद्धा नाही. मेसेज सीमध्ये, ईमेल सीमध्ये, ब्राउझरने साठवलेली पानं सीमध्ये. अ‍ॅप ई वर टाकलं तरी त्याच्या काही फाइली सीमध्येच उतरायच्या. महिनाभरात सी भरायचा आणि ई ओसाड पडलेला.

रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, तिचीही तीच गत. एन-९७ मध्ये १२८ एमबी रॅम. फोन सुरू होतानाच तिचा मोठा भाग प्रणाली खाऊन टाकायची. वर पहिल्याच पडद्यावर हवामान, बातम्या, फेसबुक असल्या चौकटी चोवीस तास चालू. ब्राउझर उघडून कॅमेऱ्याकडे गेलात की मागे ब्राउझर गुपचूप बंद. जून २००९ मध्येच आलेल्या आयफोन थ्री-जीएसमध्ये २५६ एमबी रॅम होती. बरोबर दुप्पट. चिपमागे थोडे पैसे वाचवले आणि आघाडीच्या फोनचं नाव घालवलं.

यावर उपाय काय? जाणकार मेसेजिंगच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, 'मेमरी इन यूज' शोधून, मेसेज ई वर हलवायचे. ज्यांना हे ठाऊक नव्हतं ते एम. जी. रोडसारख्या बाजारातलं दुरुस्तीचं दुकान गाठायचे. तिथला रामबाण म्हणजे स्टार हॅश सात तीन सात शून्य हॅश, आणि सिक्युरिटी कोड एक दोन तीन चार पाच. फोन धुऊन कोरा. पण बॅकअप घेतला नसेल तर नंबरही गेले, मेसेजही गेले. आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच, कारण सी ड्राइव्ह तेवढाच!

शिवाय कॅमेऱ्याचं झाकण. भिंगाच्या रक्षणासाठी दिलेलं सरकतं झाकण. ते काचेला इतकं लगटून सरकायचं की मधे अडकलेली धूळ काचेवरच घासली जायची. ओरखडे पडले की फ्लॅशच्या फोटोत सगळा धुरळा. त्यानंतर आलेल्या एन-९७ मिनीमध्ये नोकियाने झाकण काढूनच टाकलं आणि सी ड्राइव्ह मोठा केला. म्हणजे दुखणं कळलं होतं, औषधही होतं. पण गिऱ्हाईक उठून गेलं होतं. पुढे २०१० मध्ये कंपनीचे बडे अधिकारी आन्सी वान्योकी यांनी एन-९७ ने गिऱ्हाइकांची निराशा केल्याची जाहीर कबुली दिली.

वेळ संपत आलाय, बाकीची कारणं भराभर सांगतो. एन-९७ चा पडदा दाबून चालणारा होता, नुसत्या स्पर्शाने नाही. दोन सिमचे फोन आणायला उशीर केला, तोवर आपल्याकडे मायक्रोमॅक्ससारख्यांनी गल्ला भरला. फेब्रुवारी २०११ मध्ये नवे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी जाहीर केलं की यापुढे सिंबियनऐवजी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली. पण त्या प्रणालीवरचा नोकियाचा पहिला फोन, लुमिया, दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. मधले नऊ महिने दुकानदाराने सिंबियन काय सांगून विकायचा? मग २०१२ मध्ये कळलं की आधी घेतलेल्या लुमियांना विंडोज फोन ८ मिळणारच नाही. जे निष्ठेने थांबले होते त्यांच्याच कानाखाली. त्याच वर्षी सॅमसंगने नोकियाचं १४ वर्षांचं पहिलं स्थान घेतलं.

मेमरीची ही लपवाछपवी आजही चालू आहे. खोक्यावर '८ + ८, एकूण १६ जीबी रॅम' असं छापलेलं पाहाल. त्यातली पहिली आठ खरी. दुसरी आठ साठवणीतून उसनी घेतलेली, आणि साठवण रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. फोन घेताना फक्त पहिला आकडा वाचा. पहिला आकडा. घरात आधीच असा फोन असेल आणि साठवण भरत आली असेल तर हे उसनं बंद करता येतं. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, मग डिव्हाइस केअर, मग मेमरी, आणि तिथे रॅम प्लस. फोन रीस्टार्ट मागेल, तो करू द्या. अडवलेली जागा साठवणीत परत येते. नमस्कार.