कलम 2 मधला वासुदेव

(दृश्य : पहाट, गल्लीचं तोंड. आधी चिपळ्या ऐकू येतात, मग टोपी दिसते.)

निवेदन :
मोरपिसांची ही टोपी दिसते तेवढी हलकी नाही. आतून जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून घट्ट केली आहे, नाहीतर गिरकी घेताना ती कानावर उतरते. पायात घुंगरू, कमरेच्या शेल्यात खोचलेला पावा, हातात टाळ-चिपळ्या, काखेत झोळी. एवढं अंगावर चढलं की घरचं नाव घरीच राहतं. गल्लीला तो फक्त वासुदेव.

दार अजून उघडलेलं नाही, गाणं मात्र सुरू झालंय. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

(दृश्य : दार उघडतं. बाई वाटीत तांदूळ घेऊन उंबऱ्याशी.)

"बाबा, आमच्या सासूबाईंचं नाव घ्या हो."
"काय नाव, माय?"

नाव कळतं आणि ते त्याच क्षणी गाण्यात बसतं. मात्रा चुकत नाही, लय मोडत नाही. मग पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, एकेका देवाला दान पावतं. पावा ओठाला लागतो, एक गिरकी, आणि वासुदेव पुढच्या दाराकडे.

ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, सगळ्यांनी वासुदेवावर रूपकं रचली. आज सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत वासुदेव आहे, गोंधळी आहे, नंदीवाले आहेत, बहुरूपी आहेत. म्हणजे यांची पिढीजात कामं कोणती, हे सरकारला चांगलं ठाऊक आहे.

(दृश्य : कायद्याचं पान. बोट ओळीवर फिरतं.)

आणि हा 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. कलम 2 मध्ये भीक मागण्याची व्याख्या दिली आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं म्हणजे भीक. मग ती गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणं अशा कुठल्याही बहाण्याने का असेना. आत्ता आपण जे ऐकलं, दार उघडायच्या आधीच सुरू झालेलं ते गाणं, या पानानुसार बहाणा ठरू शकतं.

पोलिसांना वॉरंट लागत नाही. न्यायालय समज देऊन सोडू शकतं, नाहीतर पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृह. पुन्हा पुन्हा सापडला तर मजल दहा वर्षांपर्यंत जाते. भिक्षेकरी गृहातलं चित्रण आमच्याकडे नाही.

(दृश्य : तुणतुण्याची खुंटी, अगदी जवळून. नखात साचलेलं तेल.)

हे गोंधळी. घरी तुणतुणं दुरुस्तीला काढलंय. लाकडाचं पोकळ नळकांडं, वरून उघडं, खालच्या तोंडाला बकऱ्याचं कातडं. कातड्याच्या मधोमध बारीक भोक. तार तिथून आत शिरते, नळकांड्यातून वर येते आणि बाहेर ठोकलेल्या दांडीच्या खुंटीला गुंडाळली जाते. ताणाने तार कातडं फाडेल, म्हणून खालच्या बाजूला काहीतरी अडकवावं लागतं. यांच्या वडिलांनी भोकाचा पैसा लावला होता. 1943 ते 1947 या काळात टांकसाळीतून निघालेला तो पैसा अजून तिथेच आहे. कातडं दोनदा बदललं, पैसा तोच.

आता सूर. खुंटी अर्धा पीळ पुढे, पाव पीळ मागे. तिकडे पुतण्या संबळावर टिपरू धरून बसलाय, तो मान हलवत नाही तोवर हे थांबत नाहीत. एकाच तारेचं वाद्य म्हणून सोपं वाटतं. एका तारेवर रात्रभर लय सांभाळायची, पहाटेच्या आरतीपर्यंत हात ढिला पडू द्यायचा नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

(दृश्य : लग्नघर. मांडवात चौक मांडलेला, दिवटी पेटलेली.)

तेच तुणतुणं, तोच संबळ, माणसंही तीच. इथे सुपारी आधी ठरली आहे, सकाळी बिदागी मिळेल, वर शालही. मग हेच लोक बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभे राहिले आणि किती द्यायचं ते ऐकणाऱ्यावर सोडलं, तर ती भीक? तमाशात गाणं चालू असताना दौलतजादा उडते. कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरतं. तिथेही रक्कम देणाऱ्याच्याच मर्जीवर असते. कीर्तनकाराला कुणी भिकारी म्हणत नाही आणि म्हणूही नये. आमचं म्हणणं एवढंच, की मोजमाप सगळ्यांना एक असावं.

(दृश्य : लोकलचा डबा. मोबाइलवर घेतलेलं, हलतं चित्र.)

रेल्वेत आणखी एक कायदा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 144 : गाडीत किंवा स्थानकात भीक मागितली तर पूर्वी एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतं; 2023 च्या दुरुस्तीने ती शिक्षा काढली, मनाई मात्र राहिली. या मुलाच्या हाताकडे पाहा. बोटांच्या बेचक्यात दोन चपट्या पट्ट्या, दुसरं काही नाही. गाडी रूळ बदलते तेव्हा खडखडाट वाढतो, आणि तो ठेका त्या खडखडाटावर बसवतो. समोरच्या बाकावरच्या मावशींनी मोबाइल खाली ठेवलाय.

सगळ्यांनाच ऐकायचं असतं असं नाही. दमून परतताना कुणी कानाशी स्पीकर लावला तर डोकं उठतं, खरंय. पण तो गोंगाटाचा प्रश्न झाला, त्याला आवाजाचे आणि वेळेचे नियम लावा. तान्हं पोर काखोटीला मारून कुणाला गायला लावलं जात असेल, तर तिथे बालहक्काचा कायदा यायला हवा.

(दृश्य : पुन्हा कायद्याचं पान.)

मुंबईचा हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. 8 ऑगस्ट 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता. ज्या राज्यात कायदा जन्मला, तिथे तो अजून आहे.

वासुदेवाचा मुलगा टोपी घालत नाही. रिक्षा चालवतो.

(दृश्य : महापालिकेचा जिना. वासुदेव, हातात जातीचा दाखला.)

2014 च्या पथविक्रेता कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर माल विकणाऱ्यांच्या जोडीला लोकांना सेवा देणारेही येतात. नोंद झाली की प्रमाणपत्र मिळतं, ओळखपत्र मिळतं. घराघरातल्या माणसांची नावं गाऊन सांगणं ही सेवा धरायची की नाही, हे नगर पथविक्रेता समितीला विचारायला तो आज आलाय. अर्जात व्यवसायाचा रकाना आहे. त्याने लिहिलंय, गायन.