न उच्चारलेला शब्द

(दृश्य: नागपूरची सीताबर्डी, भर दुपार. दुपट्ट्यांनी बांधलेले चेहरे.)

बारा शब्द वाचतो. लिहून घेऊ नका, नुसते ऐका.

कूलर. घाम. माठ. दुपट्टा. वाळा. नवतपा. पन्हं. गॉगल. झळा. रसवंती. कांदा. मे.

(काही क्षण फक्त रहदारीचा आवाज.)

आता सांगा, यातले कोणते शब्द मघाशी आले होते? घाम. विमानतळ. उन्हाळा.

'विमानतळ' नव्हता, यात कुणाला शंका नसेल. 'घाम' होता. 'उन्हाळा'लाही 'हो' म्हणाला असाल, तर व्हिडिओ मागे नेऊन ऐका. आम्ही तो उच्चारलाच नव्हता.

हा खेळ जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स डीज यांनी 1959 मध्ये अशा 36 याद्या वापरल्या. 1995 मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी त्यातल्या काही पुन्हा घेतल्या. पलंग, विश्रांती, जाग, थकवा, स्वप्न... पण 'झोप' मुद्दाम गाळलेली. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी असे गाळलेले शब्द 40 टक्के वेळा आपणहून लिहिले. ओळखायला दिले, तर जवळपास खरोखर ऐकलेल्या शब्दांइतक्याच वेळा 'ऐकलाय' म्हणून सांगितलं. नुसता अंदाज असता तर सोडून देता आलं असतं. पण अनेकांना तो शब्द ऐकल्याचा क्षणही आठवत होता!

(दृश्य: गच्चीवरचा कूलर. ताटीतून ठिबकणारं पाणी.)

फसगत किती होणार, हे यादीवर ठरतं. यादीतला एकेक शब्द गाळलेल्या शब्दाची आठवण जितकी पटकन करून देतो, तितका चकवा पक्का. म्हणून आमची यादी नागपूरची आहे. दमट मुंबईत कूलरचा फारसा उपयोग नाही, तिथल्या माणसाला त्यावरून उन्हाळा सुचेलच असं नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तर त्याला समजावूनच सांगावा लागेल. आणि खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही इकडची समजूत. खरी-खोटी ते सोडा, पण इथे 'कांदा' म्हटलं की भाजीच्या आधी ऊन आठवणारे आहेत.

असं का होतं, यावर एकमत नाही. काहींच्या मते शब्द ऐकतानाच त्याचे सगेसोयरे मनात जागे होतात, आणि नंतर कोणता बाहेरून आला, कोणता आतून, हे कळेनासं होतं. दुसरे म्हणतात, शब्द विरून जातात, त्यांचा मथितार्थ उरतो, आणि 'उन्हाळा' त्यात चपखल बसतो.

आधी सावध केलं तर चुका कमी होतात, पण थांबत नाहीत. लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी फसतात. आणि मेंदूला इजा होऊन ज्यांची स्मृतीच अधू झाली आहे, असे रुग्णही कमी फसतात. कारण यादीचा मथितार्थही त्यांच्याजवळ धड उरत नाही.