क्लास नसलेला नायक

1981चा ‘विझर्ड्री’ हा संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम. काळ्या पडद्यावर सुरुवातीलाच प्रश्न येतो: फायटर (लढवय्या), मेज (जादूगार), प्रीस्ट (धर्मगुरू) की थीफ (चोर)? एक कळ दाबायची, की नायकाचा ‘क्लास’, म्हणजे पेशा, ठरला. त्यानंतर मेजच्या अंगावर चिलखत चढत नाही आणि फायटरच्या तोंडी मंत्र येत नाही.

ही वाटणी संगणकावर जन्मली नाही. 1974मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या गेममध्ये तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार, धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी पुरवणीतून आला. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला आपलं काम मिळे आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज भासे. तिथे ही वाटणी शोभलीच. पण संगणकासमोर बहुतेकदा एकटाच खेळाडू बसतो. त्याने एकाच चौकटीत का राहायचं?

1996चा ‘डॅगरफॉल’ पाहा. इथे क्लास खेळाडू स्वतः घडवू शकतो. पडद्यावर उजवीकडचा खंजीर दिसतोय? एखादी खास ताकद मागितली की तो वर सरकतो आणि लेव्हल वाढायला वेळ लागतो. एखाद्या धातूची शस्त्रं वर्ज्य केली, उन्हाने इजा होईल असं मान्य केलं, की खाली येतो. स्वतःच्या नायकाची किंमत अशी डोळ्यांसमोर ठरते!

आणि हा 1997चा ‘फॉलआउट’. आधी ‘गर्प्स’ ही तयार नियमावली वापरायची होती. तो करार मोडला आणि टीमने स्वतःची ‘स्पेशल’ पद्धत उभी केली. ताकद, बुद्धी असे नायकाचे 7 गुण, प्रत्येकात सुरुवातीला 5 पॉइंट, आणि वाटायला आणखी 5. तेवढ्याने भागत नसेल तर दुसरा गुण कमी करा. मग 18 कौशल्यांतून 3 आपली म्हणून निवडा. क्लास हा शब्द या पडद्यावर कुठेच नाही.

आता बुद्धी 3वर आणू आणि कुणाशी तरी बोलू. उत्तरांची यादी पाहा. धड वाक्यं गेली, उरले हुंकार. आकडा बदलला आणि माणूसच बदलला. माझ्या मते क्लासलेस, म्हणजे क्लास नसलेल्या, पद्धतीची सगळी ताकद या एका दृश्यात आहे.

‘स्कायरिम’पर्यंत, म्हणजे 2011पर्यंत, ‘डॅगरफॉल’ ज्या मालिकेतला, त्या एल्डर स्क्रोल्सनेही क्लास काढून टाकले. हातोडा चालवला की लोहारकाम वाढतं, लपून चाललं की लपण्याचं कसब. सगळं शिकता आलं की सगळ्यांचे नायक सारखेच होतात, ही तक्रारही आलीच.

शेवटी ‘डिस्को एलिझियम’, 2019. नायक पोलीस डिटेक्टिव्ह. इथली 24 कौशल्यं नायकाशी बोलतात, भांडतात, कधी त्याला चुकीच्या वाटेलाही लावतात. ही ‘इलेक्ट्रोकेमिस्ट्री’, नशेची आणि चैनीची ओढ. हिला पॉइंट दिले की तपास बाजूला ठेवून ती आधी सिगारेट मागते.