टेपवरचा आकडा आणि गाडीची उंची

मित्रहो, लॅपटॉप जोडून गाडीची उंची वाढवून मिळेल का, असे विचारणारे अनेक जण येतात आणि प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो की सॉफ्टवेअर गाडी उचलत नाही. एअर सस्पेन्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या (एअर स्प्रिंग) असतात तिथे, गाडी उचलते ती कंप्रेसरने त्यांत भरलेली हवा. किती भरायची ते कंट्रोल युनिट, म्हणजे सस्पेन्शनचा छोटा संगणक, ठरवतो. मात्र चाकाजवळच्या सेन्सरकडून येणारा इशारा नेमक्या किती मिलिमीटरचा मानायचा, हे त्या युनिटला कुणीतरी सांगावे लागते, आणि ते काम आपण टेप हातात घेऊन करतो.

पहिल्या पिढीची, एअर सस्पेन्शनवाली फोक्सवॅगन टुआरेग घेऊ. तिच्या चारही चाकांपाशी उंचीचा एकेक सेन्सर असतो आणि तो लहानशा दांड्याने सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. सेन्सर किंवा युनिट बदलले की जुने मोजमाप निरुपयोगी होते. मग लॅपटॉपवरून गाडीच्या युनिटांशी बोलणाऱ्या व्हीसीडीएससारख्या सॉफ्टवेअरमधून ३४ क्रमांकाच्या, म्हणजे लेव्हल कंट्रोलच्या विभागात जाऊन कोड देऊन प्रवेश घ्यायचा, गाडी वर-खाली होऊन स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि चारही कोपरे मोजायचे. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत सरळ उभे अंतर घ्यायचे, जमिनीपासून नव्हे. कारण टायरची झीज आणि हवेचा दाब यांनी जमिनीपासूनचा आकडा बदलतो, मध्यापासूनचा बदलत नाही. ॲडाप्टेशनच्या, म्हणजे युनिटला नवी मोजमापे शिकवण्याच्या, पहिल्या चॅनेलमध्ये पुढचे डावे, दुसऱ्यात पुढचे उजवे, तिसऱ्यात मागचे डावे, चौथ्यात मागचे उजवे मोजमाप भरायचे आणि पाचव्यात ते पक्के करायचे. टुआरेगसाठी ठरलेली उंची पुढे ४९७ आणि मागे ५०२ मिलिमीटर आहे.

आता खरी गंमत पाहा. पुढे गाडी प्रत्यक्षात ४९७ वर असताना आपण ५१७ लिहिले, तर युनिट समजते की गाडी वीस मिलिमीटर जास्त वर आहे, आणि ते हवा सोडून तिला तेवढी खाली आणते. गाडी उंच करायची असेल तर खऱ्यापेक्षा लहान आकडा लिहायचा. लॅपटॉपवरून हौसेने केली जाणारी उंचीबदलाची कामे या एका खोट्या आकड्यावर चालतात. पण त्या खोटेपणाची किंमत चालकाला निवडता येणाऱ्या उंचीच्या प्रत्येक पातळीवर मोजावी लागते, कारण गाडी खाली आणली तर सर्वात खालची पातळीही तितकीच सरकते आणि सस्पेन्शन त्याची हालचाल अडवणाऱ्या रबरी थांब्यावर आदळू लागते. उलट गाडी उंच ठेवली तर ॲक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो. पाच-सात मिलिमीटरचे मी समजू शकतो. चाळीसचा हट्ट करणाऱ्याला मी परत पाठवतो.

एकदा माझ्याकडे मागून डावीकडे झुकणारी गाडी आली. आधीच्या कारागिराने त्या कोपऱ्याचा आकडा लहान करून ती सरळ केली होती, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा झुकलेली. नळीच्या जोडावर साबणाचे पाणी टाकताच बारीक बुडबुडे उठले. हवा गळत होती आणि तिची भरपाई करत करत कंप्रेसर थकत चालला होता. जोड बदलला, नंतर खरा आकडा भरला.

म्हणून गळती आणि दांड्याची वाकडी जोडणी तपासल्याशिवाय लॅपटॉप उघडू नका. जमीन समपातळी हवी, गाडी रिकामी आणि दारे बंद असावीत, बॅटरीला चार्जर लावलेला असावा. गाडी लिफ्टवर घ्यायची असेल तर आधी जॅक मोड, म्हणजे युनिटने आपोआप उंची बदलणे थांबवणारी सोय, सुरू करावा. ती हलत असताना चाकाच्या कमानीत हात घालायचा नाही. हवा सुटली की अख्खे वजन खाली येते, तेव्हा हात काढायला वेळ मिळत नाही. उंची बदलली असेल तर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळीही तपासावी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, त्याच चार जागी पुन्हा टेप लावा.