हातातला कागद कुठला?

(दृश्य : बालाघाटाच्या डोंगरातला जुना पाझर तलाव. बांधावरून शेळ्या उतरताहेत.)

हा बांध माणसांनी टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून घातलेला आहे. मराठवाड्यात असे पाझर तलाव, नालाबांध आणि खडीचे रस्ते गावोगाव सापडतात. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची आणि सुकडीची चव सांगतात. खडी फोडून हाताला पडलेले घट्टे सांगतात.

ती कामं दुष्काळी होती. सरकारनं काढली म्हणून निघाली, सरकारनं थांबवली की थांबली. मुकादम म्हणाला, "उद्यापासून काम नाही," की संपलं. दाद मागायला हातात कागदच नव्हता.

त्याच १९७२ साली राज्यात रोजगार हमी योजना आली. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात त्यांनी ती आधी करून पाहिली होती. पण योजना चालते सरकारच्या आदेशावर, आणि ज्यानं आदेश काढला तो मागेही घेऊ शकतो. या योजनेचा कायदा होऊन तो लागू व्हायला आणखी सात वर्षं लागली. कायदा कसा तयार होतो, हे समजून घ्यायला मला ही सात वर्षं कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जवळची वाटतात.

(दृश्य : पगारपत्रक. 'व्यवसाय कर' या ओळीवर कॅमेरा थांबतो.)

आधी पैसा उभा केला. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. आजही पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा बीड-परभणीच्या बांधावर मजुरी म्हणून पोचावा, असा तो विचार होता. त्या विचाराबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

कायद्याचा मसुदा सभागृहात मांडतात, ते विधेयक. ज्या विधेयकात फक्त कर आणि सरकारी तिजोरीचा विषय असतो, ते धनविधेयक. त्याची वाट वेगळी. ते राज्यपालांच्या शिफारशीनंच आणि विधानसभेतच मांडलं जातं. विधान परिषदेला ते १४ दिवसांच्या आत परत करावं लागतं. परिषदेनं सुचवलेले बदल मानायचे की नाही, हे विधानसभा ठरवते.

बाकीची विधेयकं दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहात मांडता येतात. मंत्र्यानं मांडलं तर शासकीय. मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलं तर अशासकीय, आणि त्यासाठी शुक्रवारचा वेळ राखलेला असतो. विधेयकाच्या छापील प्रतीत शेवटी एक मजकूर असतो : 'उद्देश व कारणे यांचे निवेदन'. कुठलंही विधेयक हाती आलं तर आधी ते पान वाचा. हा कायदा कशासाठी हवा, हे सरकारला तिथं लिहून द्यावं लागतं.

(ध्वनी : सभागृहातला गलका. "होय... होय...")

मग खंडशः चर्चा. खंड म्हणजे विधेयकातलं कलम. एकेक खंड पुकारला जातो, दुरुस्त्या सुचवल्या जातात, आवाजी मतदान होतं. पीठासीन अधिकारी, म्हणजे अध्यक्ष किंवा सभापती, 'होयचे बहुमत' म्हणतात आणि पुढचा खंड येतो. नंतर विधेयक दुसऱ्या सभागृहात. विधान परिषद साधं विधेयक तीन महिने अडवू शकते. विधानसभेनं ते पुन्हा संमत केलं तर आणखी एक महिना. त्याहून जास्त नाही. संसदेत जशी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक होते, तशी सोय राज्यात नाही.

शेवटी राजभवन. राज्यपाल अनुमती देतात, ती रोखून विधेयक फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत आलेलं विधेयक विधिमंडळानं पुन्हा संमत केलं, तर मात्र राज्यपालांना अनुमती रोखून धरता येत नाही.

आता हमीच्या कायद्याकडे परत येऊ. त्याचं नाव 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७'. त्याचा क्रमांक मात्र १९७८ चा विसावा. आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. एकाच कायद्याच्या अंगावर तीन सालं. पेपरात 'विधेयक संमत' अशी बातमी येते त्या दिवशी गावात काहीच बदललेलं नसतं. पुढे अनुमती लागते, राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, छपाई लागते आणि पुष्कळदा अंमलाची तारीख ठरवणारी वेगळी अधिसूचना लागते.

पण लागू झाला, आणि मजुराच्या हातात कागद आला. नमुना ४ भरून काम मागायचं, नमुना ५ ची तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकार भत्ता. मुकादमाच्या तोंडी हुकमावर जगलेल्या माणसांसाठी ती तारखेची पोच किती मोठी होती, हे बहात्तर पाहिलेल्यांना विचारा.

(दृश्य : पारावर तिघंचौघं एका मोबाइलमध्ये डोकावताहेत.)

आज गावात मोबाइलवर पीडीएफ येते आणि कुणीतरी म्हणतं, "झाला बघा कायदा." उघडून पाहिलं तर वर लिहिलेलं असतं 'शासन निर्णय'. म्हणजे जीआर. तो मंत्रालयातल्या विभागातून निघतो. त्यावर सभागृहात मतदान होत नाही आणि तो कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. २ सप्टेंबर २०२५ ला मराठा-कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींबाबत निघाला, तोही शासन निर्णयच. मराठा आरक्षणाचा २०१८ चा आणि २०२४ चा, हे मात्र विधिमंडळानं केलेले अधिनियम. त्यातला २०१८ चा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ ला रद्द ठरवला. म्हणजे राजपत्रानंतरही परीक्षा उरतेच.

अध्यादेश या दोन्हींच्या मधला. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल तो काढतात. ताकद कायद्याचीच, पण आयुष्य थोडं : अधिवेशन भरल्यापासून सहा आठवडे. तेवढ्यात कायदा झाला नाही तर अध्यादेश संपतो. जुलै २०१४ मध्ये मराठा आणि मुस्लिम आरक्षणाचे अध्यादेश निघाले. डिसेंबरात मराठा आरक्षणाचा कायदा झाला. मुस्लिम आरक्षणाचा झाला नाही, आणि तो अध्यादेश संपला. त्याच्या भरवशावर प्रवेशाची स्वप्नं पाहणारी मुलं आमच्या जिल्ह्यांतही होती.

आणि ठराव. इथं आवाज जड होतो.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाचं प्रवेशद्वार.)

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, असा ठराव दोन्ही सभागृहांनी केला. ठराव म्हणजे सभागृहानं सांगितलेलं मत. त्यानं कायद्यातलं नाव बदलत नाही. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ठराव आणि कमानीवरचं नाव यांच्यामध्ये साडेपंधरा वर्षं गेली, आणि ती ज्यांनी सोसली त्यांची घरं इथंच आहेत.

दुसरा ठराव जुलै १९८४ चा, मराठवाड्यासह तीन विकास मंडळांसाठी. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये ती तरतूद १९५६ पासून होती. मंडळं आली १९९४ मध्ये, राष्ट्रपतींच्या आदेशानंतर. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

(दृश्य : तहसील कार्यालय. लाल कापडात बांधलेली दप्तरं.)

आता हे दप्तर. इथल्या वादांमध्ये अजून 'अडतीस-ई' असा शब्द येतो. हे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० मधलं कलम. संरक्षित कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आणि कायद्यानं संरक्षण मिळालेल्या शेतकऱ्याला, जमिनीची मालकी देणारं. तो कायदा झाला तेव्हा हैदराबाद राज्यात निवडून आलेली विधानसभासुद्धा नव्हती. ती १९५२ साली आली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले जिल्हे मुंबई राज्यात गेले, पुढे महाराष्ट्र झाला, आणि कायदा जमिनीबरोबर आला. आजही पुण्याच्या कुळाला एक कायदा आणि परभणीच्या कुळाला दुसरा.

त्यातला एक शब्द बदलायचा म्हटला तरी जीआर पुरत नाही, ठराव पुरत नाही. विधेयकच लागतं. मुंबईत किंवा नागपुरात ते मांडलं जाईल, एकेक खंड पुकारला जाईल. 'होय' किंवा 'नाही' म्हणणाऱ्या विधानसभेतल्या २८८ जणांत ४६ जण आपण मराठवाड्यातून पाठवलेले असतील.