आधी मानायचे अलार्म आणि आधी तपासायचे अलार्म

मित्रहो, जहाजाच्या डिझेल इंजिनातले बिघाड कसे शोधावेत, यावर प्रत्येक पुस्तकात मोठे तक्ते असतात. एका बाजूला लक्षण, दुसऱ्या बाजूला दहा-बारा कारणं. तक्ते बरोबरच असतात. पण समुद्र खवळलेला आहे, मध्यरात्र उलटली आहे आणि कंट्रोल रूममध्ये एकामागून एक अलार्म वाजताहेत, अशा वेळी त्या दहा-बारा कारणांपैकी पहिला हात कुठे घालायचा, हे तक्ता सांगत नाही. आज त्या पहिल्या हालचालीबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या मते जहाजावरच्या अलार्मची वाटणी दोन गटांत करायला हवी. पहिल्या गटातले अलार्म आधी तपासायचे: सेन्सर खरं बोलतोय का, दुसरं कुठलं माप त्याला दुजोरा देतंय का, हे पाहून मग इंजिनाला हात लावायचा. दुसऱ्या गटातले अलार्म आधी खरे मानायचे: वेग कमी करायचा, ब्रिजला, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षाला, कळवायचं आणि तपास नंतर करायचा. ही वाटणी अलार्म वाजल्यावर करू म्हटलं तर उशीर झालेला असतो. ती बंदरात, शांत डोक्यानं करून ठेवावी, आणि वॉचवर उभ्या असलेल्या अगदी नव्या ट्रेनीलाही ती तोंडपाठ असावी.

दुसऱ्या गटात माझ्या दृष्टीनं सगळ्यात वर आहे क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याभोवतीच्या बंद पेटीतल्या, तेलाच्या धुक्याचा, म्हणजे ऑइल मिस्ट डिटेक्टरचा अलार्म. 11 सप्टेंबर 1947 रोजी ‘रेइना देल पॅसिफिको’ या प्रवासी जहाजाच्या समुद्री चाचण्या चालू असताना इंजिनरूममध्ये स्फोट झाले आणि 28 माणसं गेली. मुळाशी होता एक अति तापलेला पिस्टन. आत काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. एखादं बेअरिंग, पिस्टन रॉड किंवा साखळी घासून तापते. त्यावर उडालेल्या तेलाची वाफ होते. ती वाफ थंड भागात गेली की तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात, काही मायक्रॉनचे. हे धुकं दाट होत एका लिटर हवेत सुमारे 50 मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलं की स्फोटक बनतं, आणि ज्या तापलेल्या जागेनं ते निर्माण केलं तीच जागा त्याला पेटवते. पहिला स्फोट कधी कधी सौम्य असतो. पण त्यानं एखादं दार उखडलं, तर मागोमाग आत ओढली जाणारी ताजी हवा दुसऱ्या, कितीतरी भयंकर स्फोटाची तयारी करते. म्हणून तर क्रँककेसचे, जादा दाब बाहेर सोडणारे रिलीफ व्हॉल्व्ह उघडून लगेच बंद होतील आणि ज्वाळा अडवतील असे बनवलेले असतात.

आता कुणी म्हणेल, या डिटेक्टरची काच तेलकट होते, पाण्याच्या वाफेनंही तो ओरडतो. खरं आहे. तरीही आधी वेग कमी करायचा. सगळ्यांनी रिलीफ व्हॉल्व्ह असलेल्या बाजूपासून दूर व्हायचं, ब्रिजनं परवानगी देताच इंजिन थांबवायचं, तेलाचा पंप आणि पिस्टनचं कूलिंग चालू ठेवायचं. आणि दार उघडण्याची घाई अजिबात नको. किमान 20 मिनिटं तर थांबायचंच. उत्पादकानं जास्त सांगितलं असेल तर जास्त. काच पुसायची की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. 2250 किलोवॉट आणि त्यावरच्या, किंवा 300 मिलिमीटरहून जास्त व्यासाच्या सिलिंडरच्या इंजिनांना असा डिटेक्टर किंवा बेअरिंगचं तापमान दाखवणारी यंत्रणा आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीची केली आहे. ती सक्ती कागद रंगवण्यासाठी झालेली नाही.

याच गटात वंगणतेलाचा दाब येतो. 23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ या क्रूझ जहाजाची वीज आणि गती दोन्ही गेली. जहाजावर तेराशेहून जास्त माणसं होती. शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं, आणि जहाज जमिनीवर चढण्यापासून जेमतेम एका जहाजाच्या लांबीइतकं दूर राहिलं. चौकशीत निघालं ते असं: डिझेल जनरेटरच्या संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, तेल कमी होतं, आणि जहाज हेलकावे खात होतं. तेल एका बाजूला गेलं की पंपाच्या तोंडाशी हवा यायची, दाब पडायचा आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायचं. त्या सकाळी तेलाची पातळी कमी असल्याचे अलार्म येत होते आणि निवळत होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, हेलकाव्याबरोबर येणारा-जाणारा अलार्म खोटा समजू नका. शांत समुद्रात जी पातळी जेमतेम पुरते ती वादळात पुरणार नाही, हेच तो सांगत असतो. हवामानाचा अंदाज वाईट आला की संप वरपर्यंत भरणं, फिल्टर साफ करणं आणि इंधनाच्या टाक्यांतलं पाणी-गाळ काढून टाकणं ही कामं नांगर उचलायच्या आधीची आहेत.

स्कॅव्हेंज फायरचंही, म्हणजे सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या स्कॅव्हेंज बॉक्समधल्या आगीचंही, तसंच. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट (बाहेर पडणारा जळका वायू) तापलाय, स्कॅव्हेंज बॉक्स तिथेच गरम लागतोय, धूर काळा, टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात ढकलणारं यंत्र) घुसमटून धडधडतोय. हे एकत्र दिसलं की वेग कमी, त्या सिलिंडरचं इंधन बंद, त्याचं सिलिंडर ऑइल (सिलिंडरच्या भिंतीचं वंगण) वाढवायचं. आणि बॉक्स पूर्ण थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही.

आता पहिल्या गटाकडे येऊ, कारण रोजचं काम तिथंच आहे. एक्झॉस्टचं तापमान वाढलं. पहिला प्रश्न एकच: एका सिलिंडरचं, की सगळ्यांचं?

एकाच सिलिंडरचं असेल, तर आधी जागेवरचा थर्मामीटर बघा. शंका असेल तर शेजारच्या सिलिंडरचा सेन्सर लावून पाहा. सेन्सर खरा ठरला, तर मग सिलिंडरमधले दोन दाब मोजा: इंधन न पेटता दाबलेल्या हवेचा (कॉम्प्रेशनचा), आणि पेटल्यानंतरचा सर्वोच्च. एक्झॉस्ट जास्त, सर्वोच्च दाब कमी, पण कॉम्प्रेशनचा दाब ठीक, म्हणजे हवा नीट दाबली जातेय, इंधनात गोंधळ आहे. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं झिजलीत, नोझल ठिबकतंय किंवा इंधन उशिरा जातंय. कॉम्प्रेशनचा दाबही पडला असेल, तर इंजेक्टर काढण्यात वेळ घालवू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) यांच्याकडे वळा. एक्झॉस्ट आणि सर्वोच्च दाब दोन्ही कमी, तर त्या सिलिंडरला इंधनच कमी पोहोचतंय. एक्झॉस्ट कमी आणि सर्वोच्च दाब जास्त, तर इंधन लवकर पडतंय. दोन दाब आणि एक तापमान, एवढ्यावर निम्मे तर्क बाद होतात. तरीही कितीतरी जहाजांवर इंजेक्टर बदलण्यापासून सुरुवात होते, कारण ते काम हाताशी असतं.

यात एक वाईट सवय आहे. सगळी तापमानं लॉगबुकात एकसारखी दिसावीत म्हणून सिलिंडर-सिलिंडरचं इंधन कमी-जास्त केलं जातं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतोय त्याचं इंधन कमी केलं की आकडे छान जुळतात, व्हॉल्व्ह मात्र जळतच राहतो आणि बाकीच्या सिलिंडरांवर जादा भार पडतो. हे करू नका. आकडे विस्कळीत दिसले तरी खरे असू द्या.

सगळ्याच सिलिंडरांचं तापमान वाढलं असेल तर सिलिंडर सोडा, हवेकडे बघा. टर्बोचार्जरचे फेरे, स्कॅव्हेंज हवेचा दाब, एअर कूलरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक, इनटेकचा फिल्टर. कूलरमधून बाहेर पडणारी हवा आणि आत जाणारं थंड पाणी यांच्या तापमानातला फरक हळूहळू वाढत असेल, तर कूलर साफ करायची वेळ आली. हवा बाजूला काढली की उरतो भार. जहाजाचं बूड शेवाळलंय का? वारा, लाटा, प्रवाह विरुद्ध आहेत का? इंजिनरूमच गरम झाली आहे का? कारखान्यातल्या चाचणीचे आकडे ठरावीक हवामानाला, म्हणजे 25 अंश सेल्सिअसला आणून ठेवलेले असतात. उष्ण पाण्यातले तुमचे आकडे तसेच त्यांच्याशेजारी ठेवले तर निष्कर्ष चुकतो. आधी दुरुस्ती लावा, मग तुलना करा.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जड इंधनात तेलशुद्धीकरणात वापरलेल्या कॅटलिस्टचे कण राहून जातात, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचे, अत्यंत कठीण. बंकरच्या, म्हणजे जहाजाच्या इंधनाच्या, मानकाप्रमाणे जड तेलात त्यांची मर्यादा साधारणपणे किलोमागे 60 मिलिग्रॅम आहे. इंजिनात शिरताना मात्र ते 15 च्या आत असावेत अशी उत्पादकांची अपेक्षा असते. मधलं काम कोणाचं? गाळ खाली बसवणाऱ्या सेटलिंग टाकीचं आणि तेल गरगर फिरवून साफ करणाऱ्या प्युरिफायरचं. तेल 98 अंशांपर्यंत तापवून, शक्य तेवढ्या कमी प्रवाहानं चालवलेला प्युरिफायर हे कण काढतो. तापमान दहा अंशांनी खाली ठेवलं तर काढण्याची क्षमता लक्षणीय घसरते, आणि हे कुठल्याच अलार्मवर दिसत नाही. दिसतं ते काही आठवड्यांनी, लायनर आणि रिंगांच्या झिजेत.

1 जानेवारी 2020 पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा 3.50 वरून 0.50 टक्क्यांवर आली, आणि ठरावीक क्षेत्रांत ती 0.10 टक्के आहे. म्हणून जड तेलावरून हलक्या तेलावर जाण्याचे प्रसंग वाढले. हा बदल घाईत केला तर इंधनपंपाचा प्लंजर (दट्ट्या) अडकतो: बॅरल (त्याची नळी) आणि प्लंजर वेगवेगळ्या गतीनं थंड होतात, वर हलकं तेल वंगणही कमी देतं. तापमान मिनिटाला 2 अंशांहून जास्त वेगानं बदलू देऊ नका, आणि हलक्या तेलाची श्यानता (घट्टपणा) इंजिनाच्या तोंडाशी 2 सेंटिस्टोकच्या खाली जाऊ देऊ नका. जड तेलासाठी हाच आकडा साधारण 10 ते 15 असतो. बदलानंतर इंजिन सुरू होतं का, पुढे-मागे दोन्ही दिशांना घेतं का, हे खुल्या समुद्रात पाहून घ्या. अरुंद वाटेत शिरल्यावर ते पाहायला जागा नसते.

आणि राउंड घ्या, हात वापरून. इंजिन सुरू करणारी दाबलेली हवा नेणाऱ्या नळीला इंजिन चालू असताना प्रत्येक सिलिंडरपाशी हात लावा. एखादी गरम लागली, तर तिथला स्टार्टिंग व्हॉल्व्ह गळतोय आणि जळता वायू हवेच्या नळीत येतोय. त्या नळीत तेलाचा अंश असला की पुढच्या सुरुवातीला स्फोट होऊ शकतो. अनेक जहाजांवर या धोक्याचा पहिला सुगावा हातालाच लागतो.

देखभालीचं वेळापत्रक चालू तासांवर बांधलेलं असतं, आणि ते पाळायलाच हवं. पण उत्तम चाललेला पिस्टन तास भरले म्हणून उघडण्यापेक्षा स्कॅव्हेंजच्या खिडक्यांतून रिंगा बघण्यावर माझा जास्त भर असतो. रिंगेचा पृष्ठभाग चमकदार आहे की ओरखडलेला, ती दाबली तर स्प्रिंगसारखी हलते का, लायनर कोरडं आहे का? बंदरात एक-दोन तासांत हे होतं. सिलिंडरखालून निथळणाऱ्या तेलातलं लोह मोजत राहिलात तर ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) कधी हवा, हे तुम्हालाच आधी कळतं.

राहिला क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या त्या मुख्य दांड्याच्या) डिफ्लेक्शनचा, म्हणजे वाकण्याचा, विषय. क्रँकच्या दोन बाजूंच्या पात्यांमधलं, म्हणजे वेबमधलं, अंतर डायल गेजनं मोजताना कनेक्टिंग रॉड खाली आडवा येतो, म्हणून खालच्या जागी एकाऐवजी दोन मापं घ्यावी लागतात, एकूण पाच. जहाजात माल किती आहे, इंजिन गरम आहे की थंड, हे मापांसोबत लिहिलं नसेल तर ती मापं पुढच्या वेळी तुलनेला निरुपयोगी. गेज मी सोबत आणलं आहे. ते कसं बसवायचं, हे आता तुमच्या प्रश्नांसोबत हातात घेऊनच पाहू.